मोरसास गेला

॥ श्री ॥

दापोली,
आश्विन शुद्ध पंचमी

चिरंजीव बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे लांबलचक पत्र आणि सोबतची सर्व छायाचित्रे पोहोचली. मॉरिशसमधल्या कास्कावेल गावच्या त्या मराठी घरी तू गणपतीला गेलास, आरतीला उभा राहिलास, रात्री त्यांची झाकरी पाहिलीस आणि ती आपली जाखडीच आहे हे पहिल्या ठेक्यालाच ओळखलेस, हे वाचून मला फार बरे वाटले. तुझ्या आईने ते पत्र शेजारी दोन घरी वाचून दाखवले. ‘बाबा, आपली माणसे सापडली’ या तुझ्या वाक्यापाशी मात्र मी अडलो, आणि तीन आठवडे उत्तर लिहिले नाही त्याचे कारण तेच आहे. तेवढ्या काळात मी आपल्या घरचे वाटणीपत्र पुन्हा बाहेर काढले, तू पाठवलेले तिकडच्या मजुरांच्या नोंदवहीचे पान भिंग लावून वाचले आणि दोन्ही शेजारी ठेवून टिपणे काढली. ती टिपणे म्हणजेच हे पत्र आहे, म्हणून थोडे रुक्ष वाटले तरी शेवटपर्यंत वाच.

आधी आपल्या घरात काय आहे ते सांगतो, कारण तू लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतला निम्मा भाग आजीच्या सांगण्यातला आहे आणि निम्मा माझ्या चुकीच्या वाचनातला. माझी आजी म्हणत असे की आपल्या घरातला एक पुरुष ‘मोरसात गेला’. आम्ही मुले हसायचो, कारण वाण्याच्या दुकानात पांढऱ्या साखरेला मोरस म्हणत आणि माणूस साखरेत गेला म्हणजे मुंगळाच झाला असला पाहिजे, असा आमचा तर्क होता. पुढे मोडी शिकल्यावर मी घरचे वाटणीपत्र वाचले. त्यात धाकट्या भावाविषयीच्या ओळीत मला ‘मुरुडास गेला’ असे दिसले, आणि मुरूड इथून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे मी कित्येक वर्षे तिथल्या वाड्यांतून आपल्या भाऊबंदांची चौकशी करीत फिरलो. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ मारून घेतो आणि मग हात न उचलता तिला अक्षरे टांगत जातो. ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध त्या लिपीला नाही, आणि घाईतल्या हाताचा काना, मात्रा, उकार ओळखणे हा पुष्कळदा अंदाजाचाच भाग असतो. एके दिवशी जुन्या दुकानाच्या खतावणीत ‘मोरस साखर’ हा शब्द मोडीत लिहिलेला पाहिला आणि घरी येऊन तो वाटणीपत्रातल्या शब्दाशेजारी धरला. तो शब्द ‘मोरसास’ होता. मॉरिशसहून येणारी म्हणून ती साखर मोरस, आणि ज्या बेटावरून ती येई ते बेटही मोरस. आजीचे शब्द बरोबर होते, चुकत होतो तो मी.

वाटणीपत्र शके 1780, कालयुक्तनाम संवत्सराचे आहे, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने 1858-59 चे. त्यात माझे खापरपणजोबा आणि त्यांचे चुलते यांच्यात जमीन, आंब्याची झाडे, दोन बैल आणि भांडी वाटलेली आहेत. शेवटून चौथ्या ओळीत असे आहे की खापरपणजोबांचा धाकटा भाऊ मोरसास गेला त्यास सहावे वर्ष चालू आहे, त्याचा विभाग थोरल्याकडे राहील आणि तो माघारी आल्यास त्यास बिनतक्रार द्यावा. त्याखाली या दोघा भावांच्या मातुश्रींच्या अन्नवस्त्राची तजवीज आहे आणि तिथे त्या बाईंचे नाव लिहिलेले आहे. त्या काळच्या कागदात बाईचे नाव सहसा येत नाही, ते चोळीबांगडीच्या किंवा पोटगीच्या निमित्ताने आले तरच येते. या नावाकडे मी पुन्हा वळणार आहे.

आता तू पाठवलेले पान. तिकडच्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत ठेवलेल्या या नोंदवह्यांबद्दल मी पुष्कळ वाचले होते, पण त्यांचे एखादे पान कधी पाहिले नव्हते. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून 36 करारबद्ध मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराच्या धक्क्यावर उतरले, तेव्हापासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत, आणि थोडे त्यानंतरही, साडेचार लाखांच्या घरात माणसे त्या एका बेटावर उतरली. मधली चार वर्षे मजूर नेण्यास बंदी होती. 1842 मध्ये ती उठली तेव्हा कलकत्ता आणि मद्रास यांच्याबरोबर मुंबई बंदरही मोकळे झाले. कलकत्त्याच्या मानाने मुंबईहून गेलेल्यांची संख्या फार थोडी, म्हणूनच तिकडे मराठी समाज भोजपुरी समाजापुढे इतका लहान दिसतो. पण उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला आणि त्या क्रमांकापुढे त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, परगणा, जिल्हा, जहाज आणि पुढे तो ज्या मळ्यावर गेला त्या मळ्याचे नाव असे सगळे एका ओळीत लिहिले गेले. त्याच काळात इथे दापोलीत राहिलेल्या थोरल्या भावाविषयी सरकारदप्तरी एक अक्षर नाही. आपले गाव खोती. सारा खोत भरणार, सरकारला खोताचे नाव ठाऊक, कुळे खोताच्या वहीत. 1860 च्या दशकात पाहणी होऊन बोटखत, म्हणजे खोती गावातल्या कुळांची नोंद, तयार झाले तेव्हा कुठे आपल्या घराण्याचे नाव प्रथम सरकारी कागदावर चढले. जो देश सोडून गेला त्याची उंची आणि अंगावरचे व्रणसुद्धा लिहून ठेवले गेले आणि जो घरी राहिला तो पंधरा वर्षे अधिक काळ निनावी राहिला, ही गोष्ट मला या सगळ्या शोधात सर्वांत चमत्कारिक वाटते.

तू लिहिलेस की नाव जुळते, बापाचे नाव जुळते, वर्ष 1853 आहे तेही जुळते, मग आणखी काय हवे? बाळ, त्या काळी आपल्याकडे मुलांची नावे किती ठेवत असत ते आठव. गणू, विठू, रामा, धोंडू, पांडू, लक्ष्या, बाबू. सगळी मिळून वीस-पंचवीस नावांत अख्खा तालुका बसत असे. अमक्याचा बाप तमका ही जोडी एकेका वाडीत दोनदा सापडते. भरीस भर म्हणजे नातवाला आजोबांचे नाव. याच फासात मी एकदा स्वतः सापडलो आहे. 1998 मध्ये भावकीच्या बैठकीसाठी मी वंशावळ टंकलिखित करून वाटली, तिच्यात आजोबा आणि नातू यांचे नाव एकच असल्यामुळे दोघांना एक धरले आणि मधली पिढी गाळली. पुढे शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तुझ्या पणजोबांची जन्मतारीख सापडली तेव्हा लक्षात आले की माझ्या वंशावळीप्रमाणे त्यांचे वडील त्यांच्या जन्माच्या अकरा वर्षे आधी वारले होते. मी दुरुस्ती छापून पाठवली. तरीही आजदेखील भावकीतल्या दोन-तीन घरांत तीच चुकीची वंशावळ चौकटीत लावलेली आहे, वर हार आहे, आणि दरवर्षी श्राद्धाला त्या गाळलेल्या माणसाचे नाव घेतले जात नाही.

म्हणून नाव आणि बापाचे नाव ही फक्त सुरुवात समज. त्या घराण्याचे आडनाव पाहून तू चकित झालास की हे नाव आपल्या वंशावळीत आहे. तेही साहजिक आहे. नोंदवहीत आडनावाचा रकानाच नव्हता. ज्या नावाने माणूस उतरला तेच पुढे मुलांचे आडनाव झाले, आणि फ्रेंच-इंग्रजी कारकुनांच्या हातून त्याची जी अक्षरे पडली ती कायमची झाली. त्यांचे आडनाव म्हणजे त्यांच्या मूळ पुरुषाचे पाळण्यातले नाव. तो आणखी एक पुरावा नव्हे, पहिलाच पुरावा दुसऱ्यांदा मोजला जातो आहे.

जातीच्या रकान्यात ‘मराठा’ आहे आणि आपण कुणबी, यावरून तुझ्या मनात शंका आली. तिच्यात अर्थ नाही. तू म्हणतोस की त्या पानावरच्या बहुतेक सर्व नावांपुढे तोच शब्द आहे. एका जहाजातली सगळी माणसे एकाच जातीची कशी असतील? मुंबईच्या बाजूने आलेला आणि मराठी बोलणारा तो मराठा, असे कारकुनाने धरले असावे आणि खाली खाली तेच उतरवत नेले असावे. या रकान्यावरून काही सिद्धही होत नाही आणि काही बादही होत नाही.

छायाचित्राची गोष्ट अशी. त्या घरात दर्शनी लावलेला फोटो आजोबा जहाजातून उतरले त्या दिवशीचा आहे, असे ते सांगतात. तसे असू शकत नाही. मजुरांचे फोटो काढण्याची पद्धत तिथे 1860 नंतरच्या दशकात सुरू झाली. 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. परवाना नसला की पोलीस धरून नेत. तेव्हा तो फोटो बावीस वर्षांच्या तरुणाचा नसून किमान तिशीच्या मध्यावर आलेल्या माणसाचा आहे. पुन्हा पाहा, कानशिलाजवळ केस पांढरे दिसतात. हे त्या घरच्या वडीलधाऱ्यांना सांगताना जपून सांग. फोटोची किंमत याने कमी होत नाही. उलट चौदा-पंधरा वर्षे उसाच्या फडात राबून, एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापणाऱ्या कायद्याखाली दरमहा पाच रुपये मिळवून तो माणूस तसाच ताठ बसला आहे, हे त्यात दिसते. अशाच जुन्या मजुरांपैकी 9,401 जणांच्या सह्यांचा अर्ज घेऊन आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाचा मळेवाला 1871 मध्ये गव्हर्नरकडे गेला आणि त्यातून चौकशी आयोग आला.

मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो गावाच्या आणि परगण्याच्या रकान्यांवर. गावाची अक्षरे पी, ए, दोन एल, दोन ई अशी आहेत. तू ते ‘पालगड’ असे धरलेस, कारण आपले गाव पालगडाजवळ. पण त्याच पानावर खाली, सातव्या ओळीत, दुसऱ्या कोणाच्या गावाच्या शेवटी त्याच कारकुनाने ‘गुर’ असे ऐकू येईल अशी अक्षरे काढली आहेत. ज्याने तिथे गड ऐकला आणि लिहिला, तो इथे तो गाळील का? मला तसे वाटत नाही. त्याने ‘पाली’ किंवा ‘पाले’ असे काहीतरी ऐकले. आणि पाली कोकणात किती आहेत! रत्नागिरीजवळ एक, पलीकडे रायगडात बल्लाळेश्वराची दुसरी, शिवाय लांज्याकडे पालू, मंडणगडात पालवणी. जिल्हा ‘रत्नागिरी’ लिहिला आहे हेही फार उपयोगाचे नाही, कारण तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात मालवण, देवगड, वेंगुर्ले सगळे होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1981 मध्ये. इथपर्यंत आल्यावर मी खरोखर कागद मिटून ठेवला होता.

मग दुसऱ्या दिवशी परगण्याच्या रकान्यातला तो शब्द वाचला, जो तू मळ्याचे किंवा जहाजाचे नाव समजून सोडून दिलास. ‘सेव्हर्नड्रूग’. बाळ, ते मळ्याचे नाव नाही. तो आपला सुवर्णदुर्ग आहे. इंग्रजांच्या तोंडी त्याचे हेच रूप होते. कमोडोर जेम्सने 1755 मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून तो किल्ला घेतला आणि त्याच्या विधवेने त्याची आठवण म्हणून लंडनजवळच्या टेकडीवर बांधलेला बुरूज आजही त्याच नावाने उभा आहे. किल्ल्यावरून तालुक्याचे नाव सुवर्णदुर्ग पडले. 1860 च्या दशकात ते जाऊन दापोली झाले, जसे अंजनवेलचे चिपळूण झाले. 1853 मध्ये दापोली तालुका नव्हताच, म्हणून तू ‘दापोली’ शोधत राहिलास आणि ती सापडली नाही. तो माणूस याच मुलुखातला होता, याविषयी आता माझ्या मनात शंका उरलेली नाही. हा शब्द वाचल्यावर मी तुझ्या आईला हाक मारली, आणि ती पदराला हात पुसत येईपर्यंत मला दम निघेना, हे तुझ्याजवळ कबूल करतो.

परंतु सुवर्णदुर्ग तालुका म्हणजे आपले घर नव्हे. आजचे मंडणगडही त्यातच मोडत असे, आणि पालवणी मंडणगडात आहे. पालवणी शब्दाचा शेवट कारकुनाने गिळला असेल तर ती माणसे मंडणगडची, आपली नव्हेत. मुंबईला काळ्या घोड्याजवळच्या अभिलेखागारात मी पूर्वी चार दिवस बसलो होतो. परदेशगमनाविषयीचा जो पत्रव्यवहार मला पाहायला मिळाला त्यात जहाजे, आकडे, डॉक्टरांचे अहवाल होते, माणसांची नावे नव्हती. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांचा उपाय तुझ्या मामाने सुचवला आहे. त्या वह्या म्हणजे मोठे भांडार आहे, पण नाव लिहिण्यासाठी आधी तिथवर जावे लागते, आणि आपल्याकडच्या कुळवाड्याला त्या दिवसांत घाट चढून तीर्थाला जाणे कितीसे परवडत होते? मी जाऊन येईन, तथापि फार आशा ठेवू नकोस. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांची जी ओढाताण चालली आहे तिच्यात मलाही महिन्यातून दोनदा बोलावणे येते, आणि गाव नमुना 14 असो की कोतवालबुक, 1860 च्या मागे माणसाचे नाव मिळणे किती दुर्मिळ आहे हे मी दर वेळी पाहतो.

देवाचेही असेच. ती मंडळी वाघजाईची पूजा करतात आणि आपली काळकाई, यावर तुझी आई म्हणाली की मग ते आपले नव्हेतच. मी तिला म्हटले, तुझ्या माहेरची जाखमाता आपल्या देव्हाऱ्यात आहे की नाही? बेटावर मूठभर मराठी घरे, त्यांत चिपळूणच्या मुलीने दापोलीच्या मुलाशी आणि साताऱ्याकडच्या मुलीने मालवणच्या मुलाशी लग्न केले. देवी सासूकडून सुनेकडे जाते, पुरुषाच्या वंशाने जातेच असे नाही. पाच-सहा पिढ्यांनंतर त्या देव्हाऱ्यात कोणाची देवी टिकली असेल हे कोण सांगणार? शिवाय वाघजाई घाटमाथ्यावर आणि तळकोकणात गावोगाव आहे.

आता राहिला तो खरा कस. मोक्याची नोंदवही माणूस उतरला त्या क्षणाची आहे, ती बापाचे नाव विचारते आणि थांबते. पण तो तिथे राहिला, त्याचे लग्न झाले, मुले झाली आणि मेला, या प्रत्येक प्रसंगाची नोंद पोर्ट लुईच्या नागरी नोंदणी कार्यालयात होण्याची शक्यता आहे. अशा नोंदीत बहुधा मजुराचा क्रमांक दिलेला असतो, म्हणून आपण पाहतो आहोत तो हाच माणूस, याची खात्री करता येते. त्याच्या विवाहाच्या किंवा मृत्यूच्या नोंदीत आईचे नाव लिहिलेले असेल तर ते मला हवे आहे. लग्न जातीच्या रिवाजाने होऊन नोंदवलेच गेले नसेल, तर 1880 च्या सुमारास मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या तेव्हाच्या खरेदीखतांकडे वळावे लागेल. त्या घराची कास्कावेलची पहिली जमीन त्यातलीच असावी असे तुझ्या वर्णनावरून वाटते. दगड वेचून रचलेला तो ढीग अजून शेताच्या मध्यभागी आहे असे तू लिहिलेस. तो कोणी रचला हे खरेदीखतातून कळेल. पण आधी विवाहाची नोंद.

आणि इथे मी एक गोष्ट मुद्दाम करतो आहे, तिचा राग मानू नकोस. वाटणीपत्रातले मातुश्रींचे नाव मी या पत्रात लिहिलेले नाही. वाटणीपत्राचे छायाचित्रही पाठवलेले नाही. ते नाव एका लिफाफ्यात घालून, वर आजची तारीख टाकून, तुझ्या आत्याकडे ठेवले आहे. पुसट शाईतले फ्रेंच वळणाचे अक्षर तू जेव्हा वाचशील, तेव्हा कोणते नाव अपेक्षित आहे हे तुला ठाऊक असेल तर तुला तेच दिसेल. मला मुरूड दिसले होते तसे. त्या घरच्या मंडळींनाही ते ठाऊक नसलेले बरे. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती मुर्मू यांनी तिथे जाऊन सातव्या पिढीपर्यंतच्या भारतवंशीयांना परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड मिळण्याची सोय जाहीर केली, तेव्हापासून घरोघर कागद शोधणे चालले आहे असे तूच लिहिलेस. ती मंडळी भली आहेत याविषयी मला शंका नाही, परंतु ज्याला गावाचे नाव मिळवायचेच आहे त्याला पालगड आणि पालवणी यांत फरक दिसत नाही, आणि आपण प्रेमाने दिलेला होकार उद्या त्यांच्या नातवंडांच्या कागदावर चढेल.

तू एकटा जाऊ नकोस. दप्तर त्यांच्या पूर्वजाचे आहे, अर्ज त्यांनीच करावा हे योग्य. त्यांच्या थोरल्या काकूंना सोबत ने. आजोबांच्या तोंडच्या गोष्टी त्यांनाच आठवतात असे तू म्हणालास, तर वाटेत त्यांना बोलते कर आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, मराठीत असो वा क्रिओलमध्ये, लिहून घे. विशेषतः गावाचे नाव त्यांच्या कानावर कधी कोणत्या उच्चाराने पडले होते का, हे विचार. पण ‘पालगड का?’ असे विचारू नकोस. नोंद मिळाली की तिची प्रत काढ आणि आईच्या नावाची अक्षरे एकेक करून मला कळव, जशी दिसतील तशी, अर्थ न लावता. जिथे अक्षर लागत नसेल तिथे टिंब दे. आणि नोंदवहीचे मागचे व पुढचे पान जमले तर पाहून ये. त्याच जहाजातून त्याच गावाचा दुसरा कोणी उतरला असेल तर त्याच्या ओळीत कारकुनाने गावाचे नाव कदाचित अधिक स्पष्ट काढले असेल. एका वाडीतून माणूस सहसा एकटा जात नाही.

तुझे उत्तर आले की मी आत्याच्या घरी जाईन. लिफाफा तिच्यासमोर आणि तुझ्या आईसमोर फोडू. नाव जुळले तर गावदेवीला नारळ फोडायचा हे आईने आत्ताच ठरवून टाकले आहे. न जुळल्यास मी पालवणीला जाऊन तिथल्या जुन्या घरांत चौकशी करणार, कारण तो माणूस कोणाच्या तरी घरातून गेलेलाच आहे. तोपर्यंत कास्कावेलला त्यांना काका-काकू म्हणत जा, त्याला कागद लागत नाही. वाटणीपत्रातला तो धाकट्याचा विभाग, विहिरीच्या वरच्या अंगाची सहा आंब्यांची जागा, आपल्या सातबाऱ्यावर आजही वेगळ्या गट क्रमांकाने आहे. त्यातली दोन झाडे उभी आहेत.

प्रकृतीस जप. एबेनच्या कचेरीतून मोका जवळच आहे असे तू लिहिलेस, तेव्हा रजेची अडचण पडू नये.

तुझे,
बाबा